रजेचा अर्ज

तेओबाल पेन्सिल्व्हेनियाला गेला, त्या वर्षी
कोल्मारमध्ये द्राक्षांना कीड लागली होती.
मोराँ सरहद्दीपलीकडे फ्रान्समध्ये,
कोळशाच्या खाणीच्या कचेरीत.
फ्रिडोलिन फार लांब नाही, स्ट्रासबुर्गला,
जर्मन रेल्वेच्या दफ्तरखान्यात.
मी इथंच. कुणीतरी राहावं लागतं.
दिवसभर परक्यांच्या कॉलरींना खळ लावते,
इस्त्री तापली का, ते थुंकी उडवून बघते.

तेओबालची पत्रं आकड्यांनी भरलेली.
पोलादाच्या कारखान्यात त्याच्याशेजारी
एक पोरगेला साहेब उभा असतो, हातात घड्याळ.
उचल म्हटलं की उचलायचं, बस म्हटलं की बसायचं,
दम लागला नसला तरी बसायचं.
राखेला एक फावडं, कोळशाला दुसरं, खनिजाला तिसरं.
"खेप कसलीही असो, वजन तेवढंच भरतं, ओदील,
आणि पगार दीडपट.
बापानं उभ्या जन्मात माझ्या पाठीकडे पाहिलं नाही,
हा माणूस तिचं गणित मांडतो."
पुढच्या पत्रात: "आमच्यातले सातजण काढले.
गणितात ते उरत होते."
त्याखाली काही नाही.
सही नेहमीपेक्षा लहान.

मोराँ आकडे लिहीत नाही, झाड काढतो.
उलटं झाड: मुळं वर, संचालकांच्या खोलीत,
खाली फांद्या, फांद्यांना चौकोन, चौकोनांत नावं.
एका माणसाला वरिष्ठ एकच हवा,
नाहीतर घर दोन सासवांचं होतं.
"घड्याळवाल्याला फक्त हात दिसतात," तो थोरल्यावर खेकसतो,
"पुढच्या वर्षाचा विचार कुणी करायचा? फावड्यानं?"

फ्रिडोलिनला दोघांचंही हसू येतं.
त्याची खुर्ची त्याची नाही, दौतसुद्धा नाही.
उद्या तो मेला तर सव्वाआठला दुसरा बसेल
आणि खिडकीपलीकडच्या अर्जदाराला फरक कळणार नाही.
हे तो अभिमानानं सांगतो.
आई म्हणायची, हा पोरगा लहानपणीसुद्धा
स्वतःच्या घराचं दार वाजवून आत यायचा.

ती मार्चमध्ये गेली. मी तीन तारा केल्या.
मनातल्या मनात मोराँवर पैज लावली होती.

फ्रिडोलिन पहिला पोहोचला.
कलम बावीस: आई किंवा वडील वारल्यास तीन दिवस,
शिपाई असो की अधीक्षक.
कुणी त्याला "वाईट झालं" म्हटलं नाही.
कुणी अडवलंही नाही.
शिक्का वाळायच्या आत तो गाडीत होता.

मोराँचा अर्ज फांदीफांदीनं वर चढला असता
तर पुढचा आठवडा उजाडला असता.
पण शेजारच्या चौकोनातल्या गास्पारनं
त्याचं काम अंगावर घेतलं, वर मागाहून कळवलं.
असा एक आडवा पूल त्यांच्या तक्त्यात ठेवलेलाच असतो म्हणे.
मला त्यात पूल कमी, गास्पार जास्त दिसला.
मोराँ आला तेव्हा माती टाकून झाली होती,
पण ओली होती.
रात्री दोघं स्वयंपाकघरात भांडत बसले,
कुणाच्या साहेबाची व्यवस्था खरी.
आईच्या खुर्चीवर दोघांपैकी कुणी बसलं नाही.
त्याला कलम लागलं नाही.

तेओबाल येणं शक्यच नव्हतं. मध्ये समुद्र.
महिन्यानं पैसे आले, भरपूर, आणि चिठ्ठी:
"तार मिळाली त्या दिवशी मी नेहमीएवढंच लोखंड वाहिलं.
घड्याळवाल्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
पण बस म्हटल्यावर जेवढा बसलो
ती सगळी मिनिटं आईला दिली.
बेचाळीस झाली."

मी ती ओळ परत वाचली, आणि परत.
तोवर नोटरी साहेबांच्या कॉलरीवर
इस्त्रीचा पिवळा तिकोनी डाग उमटला.
त्याची भरपाई माझ्या मजुरीतून.
नियम आमच्याकडेही आहेत.